किंग्ज क्वेस्टचे रिमेक खेळायचेत? मग आधी त्यांच्या आजीच्या गोष्टी ऐका

मामाकडे सांगलीला एक कॉम्प्युटर होता, काळ्या पडद्याचा, आणि एका दुकानदाराकडून कॉपी करून आणलेल्या फ्लॉपीवर किंग्ज क्वेस्ट ३ होता. त्यात एक मुलगा दुष्ट जादूगाराच्या घरात गुलाम असतो आणि चोरून जादू शिकून सुटायचं असतं, एवढं आम्हाला कळलं. सामान पण गोळा केलं. पण जादूचं पुस्तक उघडलं की पुढे काय टाइप करायचं ते कुणालाच माहीत नाही, कारण मंत्र गेममध्ये नव्हतेच, ते डब्यासोबत येणाऱ्या छापील पुस्तिकेत होते आणि आमच्या फ्लॉपीसोबत कसली आलीय पुस्तिका. कॉपी करणाऱ्यांना अडवायला कंपनीने लावलेली ती अट होती हे मला पंधराएक वर्षांनी कळलं. तोवर आम्ही दोघं मामेभाऊ दोन उन्हाळे 'अब्राकाडब्रा' टाइप करत बसलो होतो.

हे सांगायचं कारण, आता याच गेमचे नवे रिमेक फुकट मिळतात, माउसवर चालतात, रंगीत आहेत, काहींमध्ये आवाज पण आहेत, आणि तरी मी ज्यांना ज्यांना हे सुचवलं त्यातले अर्धे लोक अर्ध्या तासात कंटाळून परत आले. बहुतेकांची तक्रार एकच, 'अरे काहीही लॉजिक नाही'. लॉजिक असतं हो, बहुतेक वेळा, फक्त ते आपल्या घरातलं नसतं. म्हणून हा लेख जरा लांबडा, पण पायरीपायरीने लिहितोय.

आधी कोणता रिमेक ते ठरवा

किंग्ज क्वेस्ट १ हा सिएरा ऑन-लाइन कंपनीचा, रोबर्टा विल्यम्सने डिझाइन केलेला, १९८४ चा गेम. मूळचा आयबीएमच्या पीसीज्युनिअरसाठी. सोळा रंग, बाणाच्या बटणांनी माणूस चालवायचा आणि काय करायचं ते इंग्रजीत टाइप करायचं. १९९० मध्ये सिएरानेच तो नव्या इंजिनवर परत बनवला, चित्रं चांगली केली, पण टाइप करणं तसंच ठेवलं. तो फारसा चालला नाही आणि सिएराने पुढच्या भागांचे रिमेक केलेच नाहीत. त्याच कंपनीने स्पेस क्वेस्ट १ आणि क्वेस्ट फॉर ग्लोरी १ मात्र पुढच्या दोन वर्षांत २५६ रंगांत आणि माउसवर आणले, म्हणजे करता येत नव्हतं असं नाही.

मग हे काम चाहत्यांनी उचललं. टिएरा एंटरटेनमेंट नावाचा एक गट (नाव बघा, सिएराच्याच ओळीत बसवलेलं), पुढे तो एजीडी इंटरॅक्टिव्ह झाला. त्यांनी २००१ मध्ये किंग्ज क्वेस्ट १, २००२ मध्ये किंग्ज क्वेस्ट २, २००८ मध्ये क्वेस्ट फॉर ग्लोरी २ आणि २०११ मध्ये किंग्ज क्वेस्ट ३ असे चार रिमेक काढले, चारही फुकट, चारही अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ (एजीएस) या फुकट मिळणाऱ्या इंजिनवर बनवलेले. पहिल्या भागात नायक ग्रॅहमचा आवाज जॉश मँडेलचा आहे, ज्याने सिएराच्या स्वतःच्या पाचव्या भागात ग्रॅहमला आवाज दिला होता. फॅन प्रोजेक्टला अजून काय पाहिजे.

दुसरा प्रकार म्हणजे लुकासआर्ट्स या दुसऱ्या गेम कंपनीने केलं ते. मंकी आयलंडचा पहिला भाग १९९० चा, त्याची स्पेशल एडिशन २००९ ची, दुसऱ्या भागाची २०१० ची. इथे गेम आतून तोच, वरून नवीन चित्रं आणि आवाज, आणि पीसीवर एक बटण (पहिल्या भागात एफ१०) दाबलं की त्याच जागी उभं राहून जुनं चित्र दिसतं, परत दाबलं की नवं. ही सोय प्रत्येक रिमेकला कायद्याने सक्तीची करायला हवी.

तिसरा प्रकार, २०१५ चा ऑड जंटलमेनचा किंग्ज क्वेस्ट, ज्यात म्हातारा ग्रॅहम नातीला आपल्या गोष्टी सांगतो आणि म्हाताऱ्याचा आवाज ख्रिस्तोफर लॉइडचा आहे. छान आहे, पण तो रिमेक नाही, जुन्या गोष्टीवर नवीन गेम आहे आणि कंट्रोलर हातात घेऊन खेळायचा आहे. तो नंतर खेळा.

माझा क्रम विचाराल तर असा: पहिले मंकी आयलंड स्पेशल एडिशन, मग किंग्ज क्वेस्ट १ चा एजीडीवाला रिमेक, मग २, मग ३, आणि सगळ्यात शेवटी क्वेस्ट फॉर ग्लोरी २. मंकी आयलंड आधी का? तर त्यात तुम्ही मरत नाही आणि अडकून पडत नाही. मंकी आयलंड बनवणाऱ्या रॉन गिल्बर्टने १९८९ मध्येच एक निबंध लिहून ठेवला होता की खेळणाऱ्याला नकळत कायमचं अडकवणं हा डिझाइनचा गुन्हा आहे, आणि मग त्याने तसा गेम बनवून दाखवला. त्यात एकदा नायक पाण्याच्या तळाशी बांधला जातो आणि तो फुशारकी मारत असतो की मी दहा मिनिटं श्वास रोखू शकतो, तर खरोखर दहा मिनिटं काहीच न करता बसलात तरच तो मरतो. मी बसलो होतो. चहा करून आलो आणि मग बघितलं.

गृहपाठ: सात-आठ गोष्टी

ही पायरी दुसऱ्या कुठल्या गाइडमध्ये सापडणार नाही, कारण ती गाइड लिहिणाऱ्यांना या गोष्टी लहानपणीच माहीत असतात. आपलं तसं नाही. 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' म्हणणारी म्हातारी लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन का येते हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही, राक्षसाचा जीव सात समुद्रापलीकडच्या पोपटात असतो हे तर आपण गृहीतच धरतो. आता एखाद्या अमेरिकन माणसाला गेममध्ये पिंजऱ्यातला पोपट दिसला आणि त्याने त्याला डाळिंब भरवलं तर तो अडकणारच ना? किंग्ज क्वेस्टमध्ये आपलं नेमकं तेच होतं. रोबर्टा विल्यम्सने युरोपातल्या परीकथा उचलून उचलून त्या जगात टाकल्यात आणि कोडं सोडवायचं म्हणजे ती गोष्ट आठवायची.

तर खेळायच्या आदल्या रात्री एवढं वाचून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

तीन बकऱ्यांची आणि पुलाखालच्या ट्रोलची, म्हणजे एका राक्षसाची गोष्ट. पहिल्या भागात पुलावर ट्रोल उभा असतो, त्याला खजिना दिला तर तो सोडतो पण मग तुमचाच खजिना गेला. गोष्ट माहीत असेल तर आपोआप डोक्यात येतं की इथे बकरा आणायला पाहिजे, आणि बकऱ्याला आणायचं तर गाजर पाहिजे. हॅन्सेल आणि ग्रेटेल, म्हणजे खाऊच्या घरातली चेटकीण आणि तिची भट्टी. चेटकिणीचं काय करायचं ते मी सांगत नाही, गोष्टीत पोरांनी जे केलं तेच. जॅक आणि घेवड्याचा वेल, त्यातून वर ढगांतल्या राक्षसापर्यंत.

आणि रम्पेलस्टिल्टस्किन. ही गोष्ट नीट वाचा, आणि नावाचं इंग्रजी स्पेलिंग कागदावर लिहून ठेवा. एक बुटका आपलं नाव ओळखायला सांगतो, तीन संधी देतो. चेटकिणीच्या घरात एक चिठ्ठी असते, कधीकधी उलटा विचार करणं शहाणपणाचं असतं अशा अर्थाची. १९८४ च्या गेममध्ये 'उलटा' म्हणजे नाव उलटं नाही, अख्खी इंग्रजी वर्णमाला उलटी, ए च्या जागी झेड, बी च्या जागी वाय, असं करत अख्खं नाव बदलायचं. लोकांनी एवढ्या शिव्या घातल्या की १९९० मध्ये सिएराने तेच सोपं करून नुसतं नाव मागून पुढे लिहायचं केलं. हा एकच फरक बघितला तरी रिमेक कशासाठी असतो ते कळतं. आणि हो, नाव नाही ओळखता आलं म्हणून गेम संपत नाही, चुकलात तर बुटका तुम्हाला किल्ली देतो आणि जिन्याने आरामात वर. बरोबर ओळखलं तर घेवड्याच्या बिया मिळतात आणि वेलावरून चढायला लागतं, जिथे पाय घसरला की खाली. म्हणजे चुकीची पण वाट आहे, आणि ती उलट कमी घामाची.

दुसऱ्या भागासाठी लाल टोपीवाली मुलगी आणि तिची आजी, आणि ड्रॅक्युला साधारण माहीत असला की पुरे. तिसऱ्यासाठी तीन अस्वलं आणि त्यांच्या लापशीचे तीन वाडगे, आणि ग्रीकांची मेड्युसा, जिच्याकडे बघितलं की माणूस दगड होतो. मेड्युसाला कशाने हरवतात ते शोधून ठेवा, वाळवंटात उपयोगी पडेल.

सगळीच कोडी मात्र अशी सुटत नाहीत हे प्रामाणिकपणे सांगतो. मूळ दुसऱ्या भागात वाटेवर एक विषारी साप आडवा येतो. तुमच्याकडे जादूचा दिवा असतो, तो घासला की आधी गालिचा मिळतो, मग तलवार, मग घोड्याचा लगाम. कुणीही माणूस तलवार काढेल. पण तलवारीने मारलं तर गुण कमी, खरं उत्तर म्हणजे लगाम सापावर फेकायचा, की त्याचा पंखवाला घोडा होतो! सोन्याचा लगाम घालून पेगॅससला माणसाळवल्याची ग्रीक कथा आहे हे खरं, पण साप आणि घोडा यांचा संबंध तिथे पण कुणी जोडून देत नाही. अशा ठिकाणी स्वतःला मूर्ख समजू नका, सरळ हिंट बघा.

शब्दांवरचे विनोद हा दुसरा खड्डा. मंकी आयलंड २ मध्ये एक पंप बंद करायचा असतो आणि त्यासाठी संमोहित करून कडक केलेलं माकड पान्यासारखं वापरायचं असतं. का? तर अमेरिकेत त्या प्रकारच्या पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात. आपल्याकडे गॅरेजवाला पाना म्हणतो, फार तर स्पॅनर म्हणतो, माकडाचा संबंध येतोच कुठे. हे उत्तर आत्ताच फोडून टाकलं, कारण मराठी माणसाने त्याच्यावर तीन रात्री घालवाव्यात असं मला वाटत नाही.

इन्स्टॉल करताना

एजीडीचे गेम त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, दुसऱ्या कुठल्या 'जुने गेम फ्री डाउनलोड' छाप ठिकाणाहून नको, तिथे गेमसोबत अजून काय काय येतं ते देवाला माहीत. विंडोज अनोळखी प्रकाशक म्हणून इशारा देईल, जुने इन्स्टॉलर असल्यामुळे ते होतं, फाइल अधिकृत साइटवरची असेल तर पुढे जा. प्रोग्राम फाइल्सच्या आत टाकू नका, विंडोज तिथे लिहायला आडकाठी करतं आणि मग सेव्ह कुठे गेले म्हणून शोधत बसता. डी ड्राइव्हवर एक साधं फोल्डर करा, नाव 'गेम्स', विषय संपला.

आता गेम उघडला आणि नुसता काळा पडदा आला तर घाबरू नका, फोल्डरमध्ये विनसेटअप नावाची फाइल असते ती चालवा. तिथे दोन गोष्टी बघायच्या: ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये डायरेक्टड्रॉ ऐवजी डायरेक्ट३डी निवडा, आणि नाही जमलं तर विंडोमध्ये चालवायची खूण करा. जुने एजीएस गेम पडद्याला ३२० गुणिले २०० रिझोल्यूशन मागतात आणि आजचे मॉनिटर ते द्यायला नाही म्हणतात, सगळं भांडण तेवढंच आहे. आवाज येत नसेल, म्हणजे गाणं वाजतंय पण पात्रं मुकी, तर फोल्डरमध्ये स्पीच डॉट व्हॉक्स नावाची फाइल आहे का बघा. एजीएस गेममधले सगळे संवाद त्याच एका फाइलमध्ये असतात, ती नसली की गेम तक्रार न करता गप्प चालतो.

मॅक, लिनक्स किंवा अँड्रॉइड फोन असेल तर स्कमव्हीएम घ्या. २००१ पासून चालू असलेला फुकट प्रोग्राम आहे, मुळात लुकासआर्ट्सच्या गेमसाठी बनवलेला, नंतर त्यात सिएराचे जुने गेम आले आणि २०२१ च्या २.५.० आवृत्तीपासून एजीएसचे पण. वापर सोपा आहे, गेमचं अख्खं फोल्डर फोनमध्ये कॉपी करा, अ‍ॅड गेम दाबा, फोल्डर दाखवा, तो स्वतः ओळखतो. फोनवर एकच त्रास, बोटाने बारीक वस्तू धरता येत नाही. ओटीजी केबल लावून साधा माउस जोडा, अगदी जुनाट असला तरी चालेल, अनुभव बदलून जातो. चाचणीसाठी स्कमव्हीएमच्याच साइटवर 'लुअर ऑफ द टेम्प्ट्रेस' हा १९९२ चा फँटसी गेम कायदेशीर फुकट ठेवलाय, आधी तो चालतो का बघा म्हणजे अडचण तुमच्या फोनची आहे की गेमची ते कळेल.

मूळ जुने गेम पाहिजे असतील तर जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर पहिले तीन भाग एकत्र विकत मिळतात, सोबत पुस्तिकांच्या पीडीएफ पण. त्या पीडीएफ आधी उतरवा! जे मी सांगलीला भोगलं ते तुम्ही भोगू नका. सहाव्या भागात तर एक अख्खा कडा चढायचा असतो, लॉजिकचा कडा म्हणतात त्याला, आणि त्याची उत्तरं पुस्तिकेतच आहेत.

चित्र ताणू नका

छोटी गोष्ट, पण चुकते. जुने गेम ३२० गुणिले २०० मध्ये बनवलेत, पण त्या काळचा मॉनिटर ४ः३ चा होता, म्हणजे प्रत्येक ठिपका थोडा उभा दिसायचा. आज तेच चित्र जसंच्या तसं दाखवलं तर ग्रॅहम बुटका आणि जाडा दिसतो, चंद्र चपटा दिसतो. स्कमव्हीएममध्ये आस्पेक्ट रेशो करेक्शन अशी खूण आहे ती लावा. वाइडस्क्रीन भरायचा मोह टाळा, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या असू देत. चित्र गुळगुळीत करणारे फिल्टर मला आवडत नाहीत, चेहऱ्यावर मेण ओतल्यासारखं वाटतं.

पहिला तास: काहीही सोडवू नका

हे गंभीरपणे सांगतोय. किंग्ज क्वेस्ट १ सुरू झाला, राजा एडवर्डने तीन खजिने आणायला सांगितले (जादूचा आरसा, ढाल आणि सोन्याची पेटी), की लोक लगेच जे दिसेल ते उचलायला आणि वापरायला लागतात. त्याऐवजी गणिताची चौकटीची वही घ्या आणि नकाशा काढा. डॅव्हेंट्रीचं राज्य म्हणजे आडव्या आठ आणि उभ्या सहा अशा अठ्ठेचाळीस पडद्यांचं आहे आणि ते गोल आहे, पूर्वेकडे चालत राहिलात की पश्चिमेकडून परत येता. हे माहीत नसलं की माणूस तासभर नुसता भटकतो आणि त्याला वाटतं जग अफाट मोठं आहे. वहीत प्रत्येक चौकटीत एकच शब्द लिहा: विहीर, बकरा, पोकळ झाड, चेटकीण. चेटकीण, बुटका चोर आणि असले उपद्रवी जिथे दिसले तिथे लाल फुली मारा, त्या चौकटीत जाण्याआधी सेव्ह.

माउस वापरायची पद्धत सिएराच्या पाचव्या भागात आली तीच आहे: पडद्यावर वर माउस नेला की चिन्हांची पट्टी येते, चालायचं, बघायचं, हात लावायचा, बोलायचं. उजवं बटण दाबलं की चिन्ह बदलतं. नवशिके फक्त हात वापरतात आणि डोळा वापरायचा विसरतात, आणि निम्म्या सूचना डोळ्यात असतात. नवीन पडद्यावर गेलं की आधी डोळ्याने सगळं टिपून घ्या, झाड, दगड, पाणी, घराचं दार, सगळं. दगडावरून आठवलं, पहिल्या भागात एक मोठा दगड ढकलायचा असतो, चुकीच्या बाजूला उभं राहून ढकललात तर तो तुमच्याच अंगावर येतो. सिएराचा स्वभाव असा आहे, आणि मरणाचे विनोद पण त्यांचेच.

सेव्ह, परत सेव्ह, आणि जुना सेव्ह पुसायचा नाही

एफ५ सेव्ह, एफ७ परत आणायला. या दोन बटणांवर बोट ठेवूनच बसा.

मरण हा प्रश्नच नाही, मेलात तर परत आणता. खरा शत्रू वेगळा आहे, तुम्ही तीन तासांपूर्वी काहीतरी चुकवलेलं असतं आणि गेम तुम्हाला सांगत नाही. उदाहरण पाचव्या भागाचं देतो, रिमेक नाही पण शाळेत शिकवावं असं उदाहरण आहे. गावात बेकरीबाहेर एक मांजर उंदराच्या मागे धावताना दिसते, काही सेकंदच. त्या सेकंदांत मांजराला जुना बूट फेकून मारला नाही तर उंदीर मरतो आणि तुम्ही पुढे जाता, काही होत नाही. मग कितीतरी वेळाने तुम्हाला बांधून तळघरात टाकतात आणि दोर कुरतडायला जो उंदीर यायचा तो येत नाही, कारण तो मेलाय. संपलं. आणि त्याच गेममध्ये भूक लागली म्हणून पाय खाल्लात, तो गोड पाय हो, तर डोंगरावरच्या हिममानवाच्या तोंडावर मारायला काही उरत नाही.

म्हणून नियम साधा ठेवा, एकाच जागी सेव्ह करायचं नाही. प्रत्येक नवीन जागेआधी नवीन सेव्ह, नावात काय ते लिहा, म्हणजे 'वेलाच्या आधी', 'ढगात, गाजर आहे'. नुसतं 'ककक' असं नाव देऊन मी स्वतःचा एक अख्खा रविवार घालवलाय. आणि एक शकुनाचा नियम: काही खायचं, कुणाला काही द्यायचं किंवा पूल ओलांडायचा असेल तर आधी सेव्ह. मूळ दुसऱ्या भागातला पूल मोजक्याच वेळा ओलांडता येतो, सात वेळा, त्यानंतर तुमच्यासकट खाली. एक जरी फेरी फुकट गेली तरी शेवटी कमी पडू शकते आणि पुलावर कुठे पाटी नाही.

अडकलात तर

माझी रेशनिंग पद्धत. आधी सामानातली प्रत्येक वस्तू डोळ्याने परत बघा, मग वहीतल्या ज्या चौकटींत काहीच घडलं नाही तिथे जाऊन या, मग झोपा. खरंच झोपा, सकाळी दात घासताना सुटलेली कोडी मोजली तर बसून सुटलेल्यांपेक्षा जास्त निघतील. तरीही नाही तर हिंट, पण अख्खा वॉकथ्रू, म्हणजे सगळी उत्तरं क्रमाने देणारं गाइड, उघडू नका, कारण एक ओळ बघायला गेलात की डोळा खालच्या चार ओळी वाचतोच. युनिव्हर्सल हिंट सिस्टिम, लोक यूएचएस म्हणतात, १९८८ पासून आहे, तिथे प्रश्न निवडायचा आणि एकेक इशारा उघडत जायचा, पहिला मोघम, शेवटचा सरळ उत्तर. मंकी आयलंड स्पेशल एडिशनमध्ये तर गेमच्या आतच हिंटचं बटण आहे, एच.

आणि गुणांकडे बघा. पहिल्या भागात एकच अडचण दोन-तीन प्रकारे सुटते, राक्षसाला गोफणीने मारता येतं किंवा तो दमून झोपेपर्यंत लपून बसता येतं, ड्रॅगनला सुरी मारता येते किंवा बादलीभर पाणी ओतून त्याची आग विझवता येते. अहिंसेला जास्त गुण आहेत. १९८४ मध्ये हे कुणी गेममध्ये घातलं होतं हे मला अजून नवल वाटतं.

दुसरा आणि तिसरा भाग खेळताना वेगळं काय

दुसऱ्या भागाचा रिमेक हा मूळ गेमपेक्षा सरळसरळ चांगला आहे, हे माझं मत आणि मी त्यावर भांडायला तयार आहे. मूळ गोष्ट म्हणजे ग्रॅहमला जादूच्या आरशात बंदिवान असलेली व्हॅलॅनिस नावाची तरुणी दिसते, तो कोलिमा नावाच्या देशात जाऊन तीन किल्ल्या शोधतो आणि तिला सोडवतो, बास. एजीडीने त्यात माणसं भरली. मूळ गेममध्ये ड्रॅक्युला म्हणजे छातीत खुंटा ठोकायचं एक लाकूड होतं, रिमेकमध्ये त्या जागी स्वतःची कहाणी असलेलं पात्र आहे. त्यामुळे इथे मूळ गेमचा वॉकथ्रू वापरू नका, कोडी बदललेली आहेत, भलतीकडेच जाल.

तिसरा भाग मात्र घड्याळाचा खेळ. ग्विडिअन नावाचा पोरगा, मॅनॅनन जादूगार, डोंगरावरचं घर. मूळ गेममध्ये जादूगार कधी प्रवासाला जातो, कधी झोपतो, साधारण पंचवीस मिनिटं तुम्हाला मिळतात, वर कोपऱ्यात घड्याळ चालू. तेवढ्यात डोंगर उतरायचा, सामान आणायचं, परत वर यायचं आणि तो यायच्या आत सगळं आपल्या पलंगाखाली लपवायचं. एक जरी जादूची वस्तू खिशात सापडली तर राख. भूक लागली की त्याला खायला पण द्यायचं. रिमेक खेळायच्या आधी मूळ गेमची ही पहिली पंचवीस मिनिटं एकदा तरी खेळा, फक्त घाम कसा फुटतो ते बघायला, मग रिमेककडे या, जिथे मंत्र टाइप करत बसावं लागत नाही, माउसने जमतात. मी पहिल्यांदा त्या जादूगाराला लापशी खाऊ घातली आणि जे व्हायचं ते झालं तेव्हा मामेभावाला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. तरी त्याने विचारलं, 'बिस्कीट मिसळायचं होतं का रे त्यात?' पंचवीस वर्षांनी.

क्वेस्ट फॉर ग्लोरी २ शेवटी ठेवायला सांगितलं कारण तो नुसता कोड्यांचा गेम नाही, लढाई आहे, अंगातली ताकद आणि कसब वाढवायचं आहे, आणि योद्धा, जादूगार की चोर ते सुरुवातीला निवडायचं आहे. गंमत म्हणजे गृहपाठाच्या बाबतीत हाच आपल्याला सगळ्यात सोपा, कारण गोष्ट शापीर नावाच्या अरबी वळणाच्या वाळवंटी शहरात घडते, आणि जिन, बाटली, तीन इच्छा, गालिचे हे सगळं आपण अरबी सुरस गोष्टींत लहानपणीच वाचलेलं असतं. शहरातल्या गल्ल्यांचं जाळं मूळ गेममध्ये डब्यातल्या नकाशाशिवाय पार होत नव्हतं, परत तीच कॉपी अडवायची युक्ती. रिमेकमध्ये गल्ल्या सोप्या करायचा पर्याय आहे, तो लाज न बाळगता घ्या. पहिला भाग, १९९२ चा माउसवाला, आधी संपवला असेल तर शेवटी तो तुमच्या नायकाची फाइल वेगळी सेव्ह करायला सांगतो. ती फाइल जपून ठेवा आणि दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला तीच उघडा, म्हणजे कमावलेली ताकद तशीच पुढे येते. एकदा मी फॉरमॅट मारताना ती उडवली आणि माझा चोर शापीरला पोचला तो पार नवशिका होऊन, साधं कुलूप उघडेना.